लाल गाडीची खांदशेकणी

सावली, २९ जून २०२५

प्रफुल,

वर काय लिवाव, हेच अर्धा घंटा समजलं नाई. आशीर्वाद लिवला तं तू म्हणशीन, आला मोठा आशीर्वाद देणारा. म्हणून सिद्धा नावावरून सुरू करतो. फोन केला असता, पण माझा नंबर तू चार वर्सांपासून बंद करून ठेवला आहे. तुझ्या वहिनीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण फोनवर मी चिडतो अन् तू चूप होते, मंग काम राहूनच जाते.

काम असं आहे. सोबत एक फॉर्म आहे. त्याच्यावर खाली उजव्या बाजूले गाडीमालकाची सही पायजे. लाल गाडीच्या मालकाची. हव, तीच, गडचांदूरच्या सायबाकडून आणलेली दोन सीटची. कागदावर ती अजून तुझ्याच नावानं आहे.

गाडी उर्वशी चालवणार आहे. २ नोव्हेंबरले नागपूरच्या बाहेर एका मैदानात शर्यत आहे. ऑटोक्रॉस म्हणते ती. मैदानात शंकू मांडून ठेवतेत, त्याच्या मधातून नागमोडी गाडी काढाची, शंकू पडला का सेकंद वाढते. गाडीत एकटी ती, डोक्याले हेल्मेट, अंगाले पट्टे, समोर ना झाड ना माणूस. फॉर्म ३१ ऑगस्टच्या आत पोचला पायजे. एवढंच काम आहे.

आता तुले वाटंन, गाडी तं तडपत्रीखाली सडून राह्यली होती. सडूनच राह्यली होती. टायरवर वारूळ चढलं होतं. उर्वशीचा गडचिरोलीचा डिप्लोमा झाला अन् थंडीत एक दिवस येऊन म्हणते, बाबा, लाल गाडीची किल्ली कुठी आहे? मी म्हणलं, हरवली. तं ती देवघरातल्या डब्यातून किल्ली काढून घेऊन आली. तिले पहिलेपासून माहीत होतं मी कुठी ठेवली ते. त्या दिवसापासून पोट्टी गाडीखाली आहे. इंजिन तिनं उघडलं, ब्रेक तिनं केले. मी सिरफ बाजूले उभा राहून चुका काढतो, अन् तिच्या चुका निघत नाईत, म्हणून आणखी चिडतो.

आता तिचं म्हणणं आहे का स्टेअरिंगचा रॅक बदलवाचा. रॅक म्हणजे तुले सांगाले नोको, पण वहिनीले समजावून सांगावं लागलं, का आपण स्टेअरिंग फिरवलं का समोरची चाकं वळवणारी दातऱ्याची दांडी. आपल्या गाडीचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे घेते. तिले अडीच फेऱ्याचा रॅक पायजे. मी म्हणलं, तीस वर्सं झाले ट्रक-ट्रॅक्टरचे स्टेअरिंग सुधरवून राह्यलो, कोणी मले फेरे कमी करून दे म्हणलं नाई. ती म्हणते, त्याईले शंकूतून ट्रक काढाचा नव्हता, बाबा.

आहे का नाई तुझ्यासारखी? वेगासाठी पायजे म्हणते, वळण लवकर निघते.

तिचा खांदा एकदम मस्त आहे. काही काळजी करू नोको.

सही करून पाठव.

बापूराव


सावली, १३ जुलै २०२५

प्रफुल,

फॉर्म वापस भेटला. सही नाई. मागून दोन ओळी आहेत तुझ्या हाताच्या: "गाडी भंगारात दे. त्या पोरीले तिच्यात बसवू नोको."

मी वाचलं अन् डोकं सणकलं. म्हणलं, चार वर्सांनं दोन ओळी लिवल्या त्या बी हुकूम सोडल्यासारख्या. पण उर्वशी चिडली नाई. तिनं तो कागद घेतला अन् कामाच्या टेबलाच्या वर भिंतीले खिळा ठोकून लावला. म्हणते, काकानं माझ्यासाठी काहीतरी लिवलं, एवढं पुरे आहे. तेव्हापासून तुझ्या दोन ओळी पाहत पाहत ती काम करून राह्यली आहे.

सिरोंच्याच्या बसचा कंडक्टर मागच्या महिन्यात इथी चहाले थांबला होता. तो सांगत होता का तू तिथी मोटरपार्टच्या दुकानात काउंटरवर बसते अन् खोलीवर सायकलनं जाते-येते. मालकानं गाडीची किल्ली दिली तरी घेत नाई म्हणते. मी हसलो. कंडक्टर गेल्यावर मंग काही काम झालं नाई माझ्याकडून. ज्याच्या हाताची चाल पाहून आपले बाबा म्हणत, हा बैलाईले कासरा न ओढता वळवते, तो माणूस स्टेअरिंगले हात लावत नाई. हे मले आवडलं नाई, एवढं लिवतो.

पण तुले उर्वशीची गोठ सांगतो. ते वाचशीन तं सही करशीन.

जुना रॅक तिनं काढला. तू अन् मी काढला असता तं काय केलं असतं? चार बोल्ट खोलले, ओढला, फेकला. हिनं पहिले स्टेअरिंग मधात बांधून टाकलं, का वरचा दांडा फिरूच नोको. मंग दोन्ही बाजूच्या टाय रॉडचे, रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याईचे, आटे मोजले. डावीकडे बावीस, उजवीकडे एकवीस. वहीत लिवलं. मंग एकेक बोल्ट काढला अन् अंड्याच्या पुठ्ठ्यात त्याच्या त्याच्या जागेनुसार ठेवला. मी म्हणलं, अवो बाई, तू बोल्ट काढून राह्यली का अंडे मांडून राह्यली? ती म्हणते, कोणता बोल्ट कुठून निघाला ते नंतर विचारलं तं तुम्हाले सांगता येईन का? मले नसतं आलं.

रॅक अपघातात वाकलेलाच होता, म्हणून तो असाही बदलावाच लागत होता. नवा तिनं कोइम्बतूरहून बोलावला. आला त्या दिवशी तिनं तो मांडीवर घेऊन आधी बसून पाह्यला, मंग एका टोकापर्यंत फिरवला, तिथून फेरे मोजत दुसऱ्या टोकापर्यंत नेला, अन् मोजून बरोबर अर्धा वापस आणला. म्हणते, हा याचा मध. इथूनच सुरू कराचं, नाईतं गाडी एका बाजूले जास्त वळंन अन् दुसऱ्या बाजूले कमी. इतका साधा हिशेब, पण किती मेकॅनिक चुकवतेत. मीही दोन-तीनदा चुकवला आहे, आता तुले सांगाले काय लाज?

स्टेअरिंगचा दांडा रॅकले जिथी जुळते तो जुना जोड तिनं वेगळा काढून कागदात गुंडाळून ठेवला आहे. काऊन ठेवला ते मंग कधी सांगतो.

दुसरा फॉर्म सोबत आहे. हा बी वापस पाठवला तं तिसरा पाठवीन. पोस्टमास्तर माझ्या ओळखीचा आहे.

बापूराव


सावली, २७ जुलै २०२५

प्रफुल,

तुझं उत्तर नाई. पण मी लिवतो.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिवलं होतं. खांदा मस्त आहे म्हणून. नाई आहे. त्या दिवशी गळ्याजवळचं हसळीचं हाड मोडलं ते जुळलं, पण वाकडं जुळलं. डावा हात खांद्याच्या वर जात नाई. वेणी तिची आई घालून देते. पंख्याची दोरी ओढाची तं उजव्या हातानं. तुले कोणी सांगतलं नसंन, कारण तू गेला तवा हात गळ्यात अडकवलेला होता, अन् नंतर सांगाले आपण बोललोच कुठी?

आता तुले रॅकची खरी गोठ समजंन. शंकूतून गाडी काढाची तं स्टेअरिंग भराभर फिरवावं लागते, एका हातावर दुसरा हात टाकून. तिचा डावा हात अर्ध्या फेऱ्यापर्यंत जाते, त्याच्या पुढं अडते. साडेतीन फेऱ्याच्या स्टेअरिंगवर ती दर वळणाले उशिरा पडते. अडीच फेऱ्यात हात जागचे न उचलता तेवढंच वळण निघते. वेगासाठी नाई, प्रफुल. तिच्या खांद्याले जेवढं जमते तेवढ्यात गाडी वळावी, म्हणून. हे तिनं मले सांगतलं नाई. एक दिवस ती रिकाम्या गाडीत बसून डोळे मिटून स्टेअरिंग फिरवत होती, डावा हात अडला तिथी थांबत होती, अन् खडूनं चक्रावर खूण करत होती. मी दारातून पाह्यलं अन् चूपचाप वापस गेलो.

फेरे कमी केले का स्टेअरिंग जड होते, हे तुलेही माहीत आहे. गाडी फायबरची, हलकी, म्हणून निभते. तरी सकाळी विहिरीवरून पाण्याच्या बकेट्या डाव्या हातानं ओढते, खांद्याच्या खालीखालीच. पहिले तीन, आता वीस. दात दाबून ओढते. तुझी वहिनी बोलते तिले, मी बोलत नाई.

रॅक बसवला त्याची गोठ ऐक. नवा रॅक जुन्यापेक्षा दोन सूत खाली बसत होता. मी म्हणलं, दोन सूतानं काय होते, ट्रकले दोन इंच चालते. तिनं स्प्रिंग काढून ठेवलं, चाकाखाली जॅक लावला, चाक वर नेलं, खाली आणलं, अन् दर खेपेले फळी लावून मोजलं. वर जाताना चाक आपोआप बाहेर वळत होतं. स्टेअरिंगले कोणाचाच हात नाई, तरी. मंग म्हणते, बाबा, खड्ड्यात चाक उचललं का गाडी स्वतःच्या मनानं वळंन, चालंन तुम्हाले? मी तोंडात बोट घातलं. तीस वर्सांत मी हे मोजून पाह्यलं नव्हतं. तिनं दोन सूताच्या लोखंडी पट्ट्या कापल्या, रॅकच्या खाली ठेवल्या, पुन्हा मोजलं. चाक जागचं हललं नाई. मी अंगणात जाऊन सुकलूले सांगून आलो, आपल्या शेजारच्या. त्याले काही समजलं नाई, पण मले कोणाले तरी सांगाचं होतं.

मंग चाकं सरळ करणं. गाडीच्या दोन्ही बाजूनं दोरी ताणली अन् दोरीपासून चाकाच्या कडेपर्यंत पुढून-मागून मोजलं. दोरी कोणती? धानाच्या रोवण्याची. रोवणा ऐन रंगात, बाया बांधीत उभ्या, अन् तुझी वहिनी धुऱ्यावरून बोंबलून राह्यली का दोरी कुठी गेली. तिले समजलं तवा तिनं लेकीले शिव्या दिल्या अन् मलेही. मंग गॅरेजात आली, चाकाजवळ वाकून पाह्यलं अन् म्हणते, माझे धानाचे पऱ्हे बी इतके सिद्धे लागत नाईत.

आता एकच अडचण आहे. तिची एक रीत आहे. बोल्ट पान्यानं पुरा कसला का त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ मारते, पांढरी. बोल्ट उलसाक बी सरकला तं रेघ तुटते, डोळ्याले दिसते. अन् दुसऱ्या माणसानं पाना लावून पाह्यल्याशिवाय, त्याची दुसरी रेघ लागल्याशिवाय, गाडी हलवाची नाई. दुसरा माणूस मी. माझी रेघ लाल, वहिनीच्या शिशीतली. सगळ्या बोल्टवर पांढरी अन् लाल आहे. एका बोल्टवर ती मले लाल मारू देत नाई. स्टेअरिंगचा दांडा जिथी रॅकले जुळते, तो. त्याच्यासाठी तिनं हिरवी शिशी आणून ठेवली आहे. म्हणते, हा काका पाहीन.

म्हणून रॅक बसून आठ दिवस झाले तरी गाडी एक हात चालली नाई.

मलेच काऊन पाहू देत नाई, ते मले माहीत आहे. आज लिवाले हात होत नाई.

बापूराव


सावली, ५ ऑगस्ट २०२५

प्रफुल,

लिवतो.

तुले २०२१ च्या पोळ्याच्या आदला दिवस आठवते का? खांदशेकणीचा. आपले बैल बाबाच्या मागंच गेले, पण मी रीत सोडली नव्हती. बैलाचा खांदा शेकतेत तसं मी गॅरेजातल्या गाड्याईले पळसाच्या पानानं हळद-तूप लावत होतो. ट्रॅक्टर झाला, मोटारसायकल झाली, मंग लाल गाडी. तू हसत होता. म्हणत होता, भाऊ, इचा खांदा कुठी आहे ते तं सांग, बोनेटले लाव अन् मोकळा हो. मी म्हणलं, बैलाचा खांदा म्हणजे जिथी जू बसते. गाडीचं जू म्हणजे चालवणाऱ्याचा हात चाकाले जिथी भेटते तो जोड. तिथीच लावीन. तू मान हलवून गावात निघून गेला.

मी खरंच तिथी लावलं. जोडाचा बोल्ट काढला, जोड उलसाक वर सरकवला, दातावर हळद-तूप फासलं, जोड वापस बसवला, बोल्ट घातला. हातानं कसला. तेवढ्यात दिवस बुडाले आला, वहिनीनं आवतनासाठी, उद्याच्या जेवणाचं बोलावणं द्याच्या रीतीसाठी, हाक दिली. म्हणलं, पान्यानं परवा कसू, उद्या पोळा, उद्या बैल बी जुंपत नाईत अन् पाना बी धरत नाईत. गाडी कोण काढते उद्या?

तुले सांगाचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी उर्वशीनं हट्ट केला अन् तू गाडी काढली. व्याहाडच्या वळणावर काय झालं ते तुलेच जास्त माहीत आहे.

जुना जोड उर्वशीनं काढला तवा त्याच्या दातात पिवळं दिसलं. मी म्हणलं, ग्रीस असंन. तिनं तो जोड मोरीवर नेला, कपड्याचा साबण लावला, अन् मी जेवाले बसलो होतो तिथी ताटाजवळ कागदावर आणून ठेवला. पिवळं होतं ते लाल झालं होतं.

"ग्रीस साबणानं लाल होत नाई, बाबा. हळद होते."

ती म्हणते, "काकाले कोण सांगंन, तुम्ही का मी?" मी म्हणलं, मी. त्याले महिना झाला. तेव्हापासून मी तुले पत्र लिवून राह्यलो अन् दर पत्रात दुसरंच लिवून राह्यलो.

बोल्ट ढिला राह्यला असंन, प्रफुल. माझ्या हातानं राह्यला असंन. मले तवा समजलं नाई.

बापूराव


सावली, १६ ऑगस्ट २०२५

प्रफुल,

तुझं पत्र भेटलं. चार वर्सांनं "भाऊ" म्हणून पत्र आलं तुझं. उर्वशीनं ते जेवताना मोठ्यानं वाचलं:

"भाऊ, तुमची चूक नाई. कामाच्या घाईत कोणाच्याही हातून बोल्ट राहू शकते. तुम्हाले माहीत असतं तं तुम्ही मले तसं बोललेच नसते. पोळ्याच्या दिवशी मीच गाडी काढाले नोको होती. पोरीचा खांदा माझ्या हातानं गेला, तो माझ्याच डोक्यावर राहू द्या. सही मागू नका."

वहिनीनं डोळ्याले पदर लावला. मी ताट सरकवलं. तुले वाटंन, भावाचं मन भरून आलं. तसं नव्हतं ते.

उर्वशीनं पत्र घडी करून ठेवलं अन् माझ्याकडे पाह्यलं. मंग एकदम हळू म्हणते, "बाबा, त्या दिवशी जोड निघाला होता, तं मी उघडला तवा तो घट्ट कसा होता? अन् बोल्ट नवा कसा होता?"

अंड्याच्या पुठ्ठ्यात ठेवलेला बोल्ट. बाकीच्याईले गंज, त्याले नाई. तिनं पहिल्याच दिवशी पाह्यला असंन. माझ्या तोंडून निघावं म्हणून थांबली होती.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिवलं. "मले तवा समजलं नाई" हे खोटं आहे. मले त्याच दिवशी समजलं.

तू अन् वहिनी पोरीले घेऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात गेले. सुकलूनं ट्रॅक्टरनं गाडी बांधीतून ओढून आणून दिली अन् तो आपला बैल पोळ्यात न्याले निघून गेला. मी एकटा गाडीखाली शिरलो. जोड लोंबकळत होता. बोल्ट नव्हता. दात पिवळे, चिखलातही पिवळे. मी काय केलं, ऐक. मी जोड वापस दांड्यावर चढवला. डब्यातून नवा बोल्ट घेतला. पोळ्याच्या दिवशी पाना धरत नाईत म्हणणाऱ्यानं पाना धरला अन् तो बोल्ट पुरा कसला. मंग हातपाय धुतले अन् दवाखान्यात आलो.

तू व्हरांड्यात उभा होता, चिखलानं भरलेला. तू मले म्हणला, भाऊ, स्टेअरिंग हातात फिरत होतं पण चाकं वळलीच नाईत. अन् मी पंधरा लोकाईच्या सामने म्हणलो, "खोटं बोलते. मी आताच पाहून आलो, जोड घट्ट आहे. पोळ्याच्या दिवशी जुंपली तूनं, माझ्या पोरीचा खांदा मोडला, तोंड दाखवू नोको."

मले वाटलं होतं तू भांडशीन. भांडला असता तं कदाचित माझ्या तोंडून निघालं असतं. तू माझ्याकडे पाह्यलं अन् मानलं. भाऊ पाहून आला म्हणते तं जोड घट्टच असंन, आपल्याच हातून चुकलं असंन. माझ्या शब्दावर तूनं स्वतःच्या हाताचा भरोसा सोडला. सायकलवर फिरून राह्यला चार वर्सांपासून. मी रोज सकाळी उठून पाना धरतो, लोकं मले उस्ताद म्हणतेत.

उर्वशीले मी हे सांगाले लागलो तं तिनं मधातच थांबवलं. म्हणते, हे मले नका सांगू, काकाले सांगा. दोन दिवस झाले, कामापुरती बोलते. बरोबर आहे तिचं.

पण एक गोठ तिनं सांगतली, ती तुले पोचवाची आहे. दवाखान्यातही ती सांगत होती, पण आम्ही म्हणलं, पोरीले ताप आहे. ती म्हणते, वळणावर स्टेअरिंग रिकामं फिरलं तवा काकानं एका क्षणात समजून घेतलं. सामने मोहाचं झाड होतं, सिद्धं माझ्या बाजूले. काकानं स्टेअरिंग सोडून दिलं, डाव्या हातानं हॅन्डब्रेक ओढला अन् उजवा हात माझ्या छातीवर आडवा धरला. गाडीचं मागचं अंग फिरलं, झाड सुटलं, गाडी बांधीतल्या चिखलात जाऊन बसली. म्हणते, बाबा, तितक्या वेळात दुसरा माणूस ब्रेक बी शोधू शकत नाई. मी गाडी शिकून राह्यली ती त्या एका क्षणासाठी. काकासारखं समजलं पायजे मले.

ऐकलं? पोरीचा खांदा तुझ्या हातानं गेला नाई. तुझ्या हातानं पोरगी राह्यली. खांदा माझ्या हातानं गेला, हळदीच्या हातानं. मी तीस वर्सांत एवढा मोठा कारागीर पाह्यला नाई, ना तुझ्या एवढा ना तिच्या एवढा, अन् दोघंही माझ्याच घरातले, अन् एकाले मी खोटारडा ठरवून घराबाहेर काढला. हे मी सुकलूले सांगतलं आहे. त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्यापैकी जे जे गावात आहेत त्या सगळ्याईच्या घरी जाऊन सांगतलं. नऊ घरं झाली. दोन-तीन उरली आहेत, ती या आठवड्यात होतीन. कोणी चहा पाजला, कोणी दारातूनच ऐकलं. चहा पाजणाऱ्यापेक्षा दारातूनच ऐकणारा बरा वाटला.

या पार्सलात तो जोड आहे. लाल झालेली हळद तशीच आहे, पुसली नाई. सोबत तो नवा बोल्ट. तू पार्टच्या दुकानात बसते, पाहूनच समजंन का हा अपघातातून निघालेला बोल्ट नाई. तुझ्या हाताले जे समजलं होतं तेच खरं होतं, हे तुझ्याच हातात असू दे.

फॉर्म यावेळी ठेवला नाई. उर्वशी नाई म्हणली. म्हणते, सही पोस्टानं नोको, अन् शर्यत नाई झाली तं नाई. गाडी उभी आहे. सगळ्या बोल्टवर दोन-दोन रेघा आहेत, एका बोल्टवर एकच. तो तिनं पुरा कसला आहे, कोरडा, हळद नाई, तूप नाई. तरी दुसरा माणूस पाहीन तवाच गाडी हालंन, अन् तो दुसरा माणूस मी नाई. शिकवलं तं तिनं मले, उशिरा का होईना.

येत्या गुरुवारी खांदशेकणी आहे, शुक्रवारी पोळा. पार्सल तुले गुरुवारपर्यंत भेटंन असं पोस्टमास्तर म्हणला. या वर्षी मी कोणत्याच गाडीले हळद लावणार नाई. पण बाबा बैलाचा खांदा शेकून झाला का त्याच्या कानाशी तोंड नेऊन जे म्हणत, ते मी या वर्षी बैलाले म्हणणार नाई, ट्रॅक्टरले म्हणणार नाई. वर्सभर ज्यानं ओझं ओढलं त्यालेच म्हणतेत ते. माझं ओझं चार वर्सं तूनं ओढलं.

पाना गाडीजवळ ठेवला आहे, हिरवी शिशी त्याच्या बाजूले. मी हात लावला नाई.

प्रफुल, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

बापूराव